फसव्या कोड्यांची वही: कोजागिरीपर्यंत काय काय जमलं

गणपतीनंतर वहीत बरीच भर पडलीये आणि कोजागिरीला गच्चीवर सगळे जमले होते तेव्हा त्यातली बरीचशी वापरूनही झाली, दूध आटेपर्यंत वेळच वेळ असतो आणि मोबाईल खाली ठेवायला लावायचा हाच एक उपाय आहे. आजपासून सगळ्या कोड्यांपुढे एक नवीन रकाना केलाय, "कोण फसतं". कारण यावेळी एक गोष्ट पक्की कळली, फसायलासुद्धा माहिती लागते.

साधं उदाहरण घ्या. बंडूच्या आईला चार मुलगे, पहिला चैत्र, दुसरा वैशाख, तिसरा ज्येष्ठ, तर चौथ्याचं नाव काय? काका, मामी, आत्या सगळे एका सुरात "आषाढ!" आणि पोरं गप्प, कारण त्यांना मराठी महिने येतच नाहीत, म्हणून त्यातल्या एकीने शांतपणे विचारलं, मग बंडू कुठे गेला? तीच बरोबर. तेच कोडं जानेवारी, फेब्रुवारी, मार्च करून पलीकडच्या बिल्डिंगमधल्या मुलांना घातलं की एप्रिल म्हणून सगळी आडवी. म्हणजे कोडं एकच, पण समोर कोण बसलंय ते बघून महिने बदलायचे. आणि सांगताना "बंडूच्या" वर अजिबात जोर द्यायचा नाही, ते पटकन म्हणून टाकायचं आणि महिने मात्र ठेक्यात म्हणायचे, ठेका लागला की चौथा महिना तोंडातून आपोआप निघतो.

याच जातीचं माझं सध्याचं सगळ्यात आवडतं: प्रतापगडावर महाराजांनी शाहिस्तेखानाची किती बोटं छाटली? शंभर टक्के इतिहासवेडे लोक "तीन" म्हणतात, आणि प्रतापगड म्हणजे अफजलखान, 1659, शाहिस्तेखान तर पुण्यात लाल महालात, 1663, हे त्यांना पाठ असतं तरीसुद्धा! प्रश्न "किती" असा आला की डोकं आकडा शोधायला धावतं, गडाच्या नावाकडे बघतच नाही. यावर मानसशास्त्रात खरंच काम झालंय, एरिकसन आणि मॅटसन यांनी 1981 मध्ये लोकांना विचारलं होतं की बायबलमधल्या महापुराच्या गोष्टीत मोझेसने नौकेत प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले, आणि नौका नोआची होती हे माहीत असलेले लोकही "दोन" म्हणून मोकळे झाले.

हिशोबाचं एक ठेवलंय. पेढ्यांचा बॉक्स आणि पिशवी मिळून 110 रुपये, बॉक्स पिशवीपेक्षा 100 रुपयांनी महाग, पिशवी कितीला? दहा म्हणाल तर बॉक्स 110 चा होतो आणि एकूण 120. उत्तर पाच. मूळ बॅट-बॉलचं आहे, शेन फ्रेडरिक यांच्या 2005 च्या पेपरमुळे खूप गाजलं, पण आमच्याकडे पेढे जास्त चालतात. इथे आकडेमोडीत तरबेज माणूस सगळ्यात आधी बोलतो आणि सगळ्यात आधी फसतो.

मात्र रात्रीचा मान सतरा उंटांना. म्हातारा सांगून गेला, थोरल्याला अर्धे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा, आणि उंट 17. मी यावेळी तोंडी न सांगता सतरंजीवर 17 चिंचोके मांडले आणि पोरांना म्हटलं वाटा, उंट कापायचा नाही. बराच वेळ भांडणं झाली, एकाने चिंचोका दाताने फोडायचाही प्रयत्न केला, मग आजीने कनवटीचा एक चिंचोका काढून ठेवला, म्हणाली माझा उंट घ्या उसना. अठराचे अर्धे नऊ, तिसरा हिस्सा सहा, नववा दोन, झाले सतरा, आणि आजीचा चिंचोका तिथेच शिल्लक! तिने तो परत कनवटीला लावला तेव्हा पोरांचे चेहरे बघायला हवे होते. गंमत अशी की अर्धा, तिसरा आणि नववा मिळून पूर्ण होतच नाही, अठरापैकी सतराच भाग होतात, म्हाताऱ्याच्या वाटणीतच खोट होती. हे मोठ्या मुलांना कागदावर दाखवलं, छोट्यांना नाही, त्यांना जादूच राहू दे.

जुनी कोडी पण सोडलेली नाहीत. "पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब" (कणीस) अजून एका झटक्यात जमतं, "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे" (दात आणि जीभ) पण. तीन पायांच्या तिपाईवर बसलेला शिपाई मात्र पोरांना सुटत नाही, चूल बघितलेलीच नाही तर तवा कुठून सुचणार, म्हणून ते आज्यांसाठी राखीव.

काढून टाकली ती नवरा-बायकोवरची फॉरवर्ड्स, आणि ज्यांचं उत्तर ऐकून माणूस "हे चीटिंग आहे" म्हणतो ती सगळी. उत्तर कळल्यावर कपाळावर हात गेला पाहिजे, सांगणाऱ्याचा राग येता कामा नये. ज्याला आधीच माहीत आहे त्याने माझ्या कानात सांगायचं हा नियमही आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय.

दिवाळीसाठी पुढचं तयार आहे: विहीर 30 हात खोल, बेडूक दिवसा 3 हात चढतो, रात्री 2 हात घसरतो, कितव्या दिवशी बाहेर? तीस म्हणणाऱ्यांनी शेवटचा दिवस परत मोजा. तुमच्याकडे कोण फसलं आणि काय उत्तर दिलं ते नक्की कळवा, रकान्यात लिहायचंय.