लोखंडी कपाटाचं आर्केड मशीन आणि पावडर कोटिंगची वाट

जुन्या कपाटाचं आर्केड मशीन, म्हणजे पार्लरमध्ये उभं राहून खेळायचं ते व्हिडिओ गेमचं मशीन, करायचं ठरवलं असेल तर जॉयस्टिक आणि बटणांच्या मागे नंतर लागा. आधी पावडर कोटिंगवाला, म्हणजे पत्र्यावर पावडरचा रंग फवारून भट्टीत भाजणारा, गाठा आणि त्याच्याकडे सध्या कुठला रंग चालू आहे ते विचारा. माझं कपाट दिवाळीच्या आधीच कापून, घासून तयार होतं. रंग लागून घरी आलं तोवर संक्रांत उलटून गेली होती. तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

कपाट ऑफिसातलं, अर्ध्या उंचीचं. सव्वाचार फूट उंच, तीन फूट रुंद, भंगारात किलोच्या भावाने मिळालेलं. प्लायचं मशीन बरेच जण करतात. मला पत्र्याचंच हवं होतं, कारण कपाटाला दार असतं, कुलूप असतं, आतलं काही बिघडलं तर दार उघडून बसता येतं. आणि तीन फुटांत दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहतात. कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, म्हणजे आपल्या व्हिडिओ गेम पार्लरमधला ‘मुस्तफा’, एकट्याने खेळण्यात काय मजा? कंट्रोल पॅनल जमिनीपासून ३८ इंचांवर घेतलं, मागे तिरका स्क्रीन, खाली दारं तशीच ठेवली. ग्राइंडरचं काम दोन सुट्ट्यांत उरकलं.

आता रंग. ब्रशने मारलेला ऑइलपेंट बटणांच्या आजूबाजूला हाताच्या घामाने लवकर खराब होतो. पावडर १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजली की पत्र्याला घट्ट धरते, म्हणून पावडर कोटिंगच करायचं पक्कं होतं. आम्ही नाशिकचे, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत असं काम करून देणाऱ्यांची वाण नाही. छोटा हत्ती करून कपाट एका ठिकाणी नेलं. गेटवरच वॉचमनने मालासोबतचा कागद मागितला, “चलन कुठंय?” मी म्हटलं, “दादा, घरचं कपाट आहे.” “चलन नसेल तर माल आत घेता येत नाही, साहेब.” आतून फोन आला, जीएसटी नंबर काय? मी नोकरदार माणूस, माझा कुठला जीएसटी नंबर! नोंदणी नसलेल्या ग्राहकाला ते सरळ नावावर बिल करू शकतात, हे त्यांच्या अकाउंटवाल्यालाही माहीत होतं. पण त्यांच्या कॉम्प्युटरवर नंबराशिवाय पार्टी, म्हणजे ग्राहकाचं खातं, उघडत नव्हती आणि ती उघडायचा अधिकार फक्त शेठना. शेठ बाहेरगावी. कपाट टेम्पोत, टेम्पोचं भाडं चालू.

शेवटी साध्या कागदावर पत्र दिलं, आधारची झेरॉक्स जोडली आणि माल उतरवला. त्या पत्रात काय लिहायचं ते नीट सांगतो, कारण पुढे त्यानेच वाचवलं: जुने लोखंडी कपाट १ नग, दारे २ नग, कंट्रोल पॅनल १ नग, स्क्रीनची चौकट १ नग, स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नाही. दोन प्रती करा, एकीवर गेटचा शिक्का घ्या. पॅनल मध्यंतरी दुसऱ्याच कोणाच्या मालात गेलं होतं. शिक्क्याचा कागद दाखवला तेव्हा शोधायला उठले.

मग सुरू झालं “उद्या फोन करतो.” मला गडद निळा हवा होता. दर वेळी उत्तर एकच, “बूथ सीमेन्स ग्रेवर आहे, निळा लागला की टाकतो.” बूथ म्हणजे पावडर फवारायची खोली, सीमेन्स ग्रे म्हणजे एक राखाडी रंग. महिनाभर मला वाटत होतं की टाळाटाळ चालली आहे. खरं कारण तिथल्या एका सुपरवायझरने समजावलं. रंग बदलायचा तर बूथ, गन, हॉपर (पावडरची टाकी), पाइप सगळं झटकून साफ करावं लागतं, नाहीतर निळ्यात राखाडी ठिपके येतात. एका कपाटासाठी ती सफाई कोणी करत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? तिथे उभ्या उभ्या म्हटलं, ग्रेच मारा. रंगतक्त्यातला क्रमांक आरएएल ७०३२, इलेक्ट्रिक पॅनलचा रंग. दोन दिवसांत कपाट तयार. निळा आता बाजूच्या व्हिनाइल स्टिकरवर आहे आणि ग्रेवर तो फार उठून दिसतो. घरी येणारा प्रत्येक जण आधी पत्र्यावरून हात फिरवतो, मग खेळायला उभा राहतो.

त्याच सुपरवायझरने एक लाखमोलाची गोष्ट सांगितली. पावडरचा थर वीज वाहू देत नाही. म्हणून अर्थिंगच्या बोल्टची जागा कोटिंगच्या आधी टेप लावून झाकायची आणि दारांनाही बॉडीपासून वेगळी अर्थची वायर जोडायची, बिजागरीवर विसंबायचं नाही. पत्र्याच्या मशीनला लहान मुलं हात लावणार, इथे तडजोड नको.

भोकं सगळी रंगाच्या आधी पाडा, नंतर पाडली तर कडेने गंज धरतो. स्टेप ड्रिल (पायऱ्या असलेलं शंकूसारखं ड्रिल), कमी स्पीड, थोडं तेल. थरामुळे भोक किंचित आवळतं, म्हणून बटण सैल बसेल असं ठेवा. कपाटाचा पत्रा पातळ असतो, जोरात दाबलं की लचकतो, त्यामुळे पॅनलखाली प्लाय लावा आणि लांब आट्यांची बटणं घ्या. कपाटावर आधीच्या मालकाने लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर ती खरवडून काढा, भट्टीत फुगते. जुना रंग कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल सांगता येत नाही. रिमूव्हर लावा, हातमोजे घाला.

स्क्रीनसाठी ऑफिसातला जुना १९ इंची चौकोनी एलसीडी उत्तम. पण ‘पॅकमॅन’सारख्या उभ्या गेमसाठी तो फिरवून उभा केला तर स्वस्त टीएन जातीच्या पॅनेलचे रंग एका बाजूने फिके पडतात, शेजारी उभ्या असलेल्याला नीट दिसत नाही. आत रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर आहे. ८० अंशांना तो स्वतःचा वेग कमी करतो आणि बंद कपाट तापतं, म्हणून मागे जाळी आणि पंखा. वायफाय पत्र्यातून धड येत नाही, लॅनची केबल ओढा. स्पीकर लावल्यावर पत्रा खणखणतो, गाड्यांच्या दारात चिकटवतात ती डांबरी शीट आतून लावली की आवाज भरीव होतो. सुरुवातीला चाचणीसाठी ‘ग्रिडली’ हा गेम घ्या, मेमच्या (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) साइटवर मोफत आणि रीतसर मिळतो.

आणि ज्या प्लगवर मशीन चालणार त्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आहे का, ते वायरमनकडून आधी तपासून घ्या.