पेठांतली रोषणाई: मंडईला उतरू नका

गणपतीतली पुण्याची रोषणाई बघायला तिकीट नाही. पास नाही, नोंदणी नाही. तरी चौघांच्या कुटुंबाचे एका रात्रीत हजार रुपये सहज उडतात. उडतात ते वाहनतळ, रिक्षा आणि चुकीच्या स्थानकापायी. बहुतेकांना मिळणारा सल्ला एकच असतो: "मेट्रोनं मंडईला उतरा, वर आलात की समोरच सगळं." येताना हे खरं ठरतं. परतताना हाच सल्ला अंगाशी येतो.

जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला, म्हणजे त्या वर्षीचं विसर्जन उरकल्यावर. त्यामुळे कसबा आणि मंडई ही स्थानकं पहिल्यांदा गणपतीत वापरली गेली ती २०२५ मध्ये. तेव्हा पहिले तीन दिवस गाड्या रात्री अकरापर्यंत होत्या, ३० ऑगस्टपासून पहाटे दोनपर्यंत, आणि विसर्जनाला सलग ४१ तास. दर वर्षी हे वेळापत्रक नव्यानं जाहीर होतं, गेल्या वर्षीच्या भरवशावर निघू नका. तिकीट दहा ते पस्तीस रुपये. माणशी येण्याजाण्याचे जास्तीत जास्त सत्तर धरा, त्याच्यावर जात नाही.

उतरायचं कसब्याला, चालायचं दक्षिणेला, परत फिरायचं स्वारगेटहून. कारण साधं आहे. स्वारगेट हे टोक, गाडी तिथून रिकामी निघते. पुढचंच स्थानक मंडई. पिंपरीकडे जाणारी गाडी तिथे पोचते ती स्वारगेटनं भरूनच, आणि फलाटावर आधीच्या दोन गाड्या चुकलेले लोक उभे. गर्दी वाढली की जिन्यावरूनच आत सोडणं थांबवतात. लहान मूल कडेवर घेऊन त्या दारापाशी ताटकळण्यापेक्षा वीस मिनिटं चालून स्वारगेट गाठलेलं परवडतं. बसायला जागा मिळते, रात्री बाराला ती चैन असते. मेट्रोच्या दुसऱ्या मार्गानं वनाज किंवा रामवाडीकडे जाणाऱ्यांनी स्वारगेटच्याही नादी लागू नये. शनिपारावरून कुमठेकर रस्त्यानं अलका चौक, लकडी पूल, डेक्कन स्थानक. नाहीतर जिल्हा न्यायालयाला गाडी बदलावी लागते, ते स्थानक ३३ मीटर खोल आहे आणि दमलेल्या पायांना प्रत्येक सरकता जिना मोजता येतो.

आता तो वाईट टप्पा. दगडूशेठचा उत्सवमंडप ते बेलबाग चौक. नकाशावर हे अंतर बघून हसू येतं, दोनशे मीटरही भरणार नाही. शनिवारी रात्री साडेनऊला यातच पाऊण तास जाऊ शकतो. उत्सवात गणपती मंदिरात नसतो, कोतवाल चावडीच्या मंडपात असतो. दर वर्षी तिथे एखाद्या मंदिराची प्रतिकृती उभी राहते: २०२३ ला अयोध्येचं राममंदिर, २०२४ ला हिमाचलातलं जटोली शिवमंदिर, २०२५ ला केरळचं पद्मनाभस्वामी. एवढी उंच रोषणाई रस्त्याला लागून असल्यावर माणूस थांबणारच. पुढचा फोन वर करतो, त्याच्या मागचा अडतो. शनिवारवाड्याकडून उतरणारा लोंढा आणि मंडईकडून चढणारा लोंढा इथेच समोरासमोर येतात, त्यात लक्ष्मी रस्त्याचा प्रवाह आडवा घुसतो. दर्शनाची रांग वेगळी लागते. रोषणाईच बघायची असेल तर त्या रांगेत चुकूनही शिरू नका, एकदा शिरलात की कठड्यातून मधेच बाहेर पडता येत नाही.

यावर उपाय आहे. मंडप उत्तरेकडून, म्हणजे बुधवार चौकाच्या अंगानं बघायचा. मंडपाच्या पुढ्यात जायचंच नाही. तिथूनच उजवीकडे वळून तांबड्या जोगेश्वरीवरून अप्पा बळवंत चौक, मग बाजीराव रस्त्यानं विश्रामबागवाडा ओलांडून शनिपार. बेलबाग चौक पूर्ण टळतो. मंडईचा शारदा-गजानन आणि बाबू गेनू मंडळाचा गणपती बघायचे असतील तर शनिपारापासून डावीकडे आत जा आणि त्याच वाटेनं मागे या. शिवाजी रस्त्यानं सरळ मंडईला जायचा मोह वीकेंडला आवरा, मंगळवार-बुधवारी चालेल.

बाजीराव रस्त्यावर नातूबाग मंडळ. गाण्यावर नाचणारी रोषणाई हीच बघायची असेल तर बाकी सगळं सोडा आणि इथे वेळ द्या. पण इथेच एक गोष्ट हमखास चुकते. लोक कमानीच्या पुढ्यात जाऊन मान वर करतात. पिक्सेलची रोषणाई म्हणजे चौकटीवर काही इंचांच्या अंतरानं बसवलेले सुटे दिवे. जवळून नुसते ठिपके दिसतात, चित्र जुळतच नाही. कमानीच्या उंचीच्या किमान दुप्पट मागे उभं राहायचं, पन्नास फुटांची कमान असेल तर शंभर फूट. समोरच्या फुटपाथवर दुकानाच्या पायरीची कड मिळाली तर सोनं. गाणं मधूनच ऐकू आलं तर तेवढ्यावर पुढे सरकू नका. पहिल्यापासून एक पूर्ण फेरी बघा, चांगला भाग बहुतेकदा शेवटी ठेवलेला असतो.

आणि वेळ. ध्वनिवर्धक एरवी दहाला बंद होतात, बारापर्यंतची सूट ठरावीक दिवसांनाच असते आणि ते दिवस आधी जाहीर होतात. सूट नसलेल्या दिवशी सव्वादहाला पोचलात तर गाण्यावर बसवलेली रोषणाई मुकी दिसेल. त्या दिवसांत संध्याकाळी साडेसातला कसब्याला असा. पहिले दोन दिवस तर येऊच नका. निम्म्या मंडळांचे देखावे अर्धवट असतात, कमानीवर माणसं चढलेली आणि खाली वायरींची भेंडोळी. तिसऱ्या दिवसापासून गौरी विसर्जनापर्यंतची कामाच्या दिवसाची संध्याकाळ ही सर्वांत उत्तम. गौरी गेल्या की अख्खा जिल्हा पेठांत उतरतो.

फोटोत आडवे काळे पट्टे येतात म्हणून फोनला शिव्या देणारे दर चौकात भेटतात. फोनचा दोष नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या एलईडी माळा सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. फोनच्या कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर आणा, १/६० वर नको. एक्सपोजर एक-दीड पायरी खाली ओढा, नाहीतर मूर्तीचा चेहरा पांढरा फटक येतो.

पाऊस आला तर रोषणाई बंद करतात. त्यावरून कार्यकर्त्यांशी वाद घालू नका. ओलावा शिरला की विजेची गळती होते आणि ब्रेकर पडतो, पडलाच पाहिजे. थांबायला मंडपाखाली जरूर उभं राहा, पण ओल्या लोखंडी खांबाला किंवा कठड्याला हात टेकवायचा नाही. मुलांना हे घरून निघतानाच सांगा. छत्री आणू नका, गर्दीत ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. रेनकोट आणा.

आता पैशांचं. संध्याकाळनंतर शिवाजी, लक्ष्मी आणि बाजीराव हे तिन्ही रस्ते वाहनांना बंद असतात, तेव्हा "आत कुठेतरी लावू" हा विचार सोडा. मंडईचे आर्यन आणि मिनर्व्हा वाहनतळ लवकर भरतात, आणि भरले नाहीत तरी रात्री गाडी बाहेर काढणं जमत नाही. मग सुरू होतात वाड्यांच्या बोळातले हंगामी वाहनतळ. पुठ्ठ्यावर खडूनं दर, दुचाकीला पन्नास, आठनंतर तोच पुठ्ठा उलटा करून शंभर. पावती मागितली की "लावायची तर लावा." सरळ पुढे निघा. नदीपात्रात जागा भरपूर असते, पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की तिथली गाडी तुमची जबाबदारी. त्या आठवड्यात विसर्ग चालू असेल तर पात्राचं नाव काढू नका. दुचाकी आणायचीच असेल तर आपल्या घराजवळच्या मेट्रो स्थानकापर्यंत आणा.

रिक्षाचा हिशोब तोंडपाठ असू द्या. सप्टेंबर २०२२ पासूनचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५, पुढे किलोमीटरला १७. मध्यरात्रीनंतर पंचवीस टक्के जादा. पाच किलोमीटरचे दिवसा साधारण ८५, रात्री १०६. टिळक रस्त्याच्या तोंडाशी याच अंतराला तीनशे मागतात, आणि दमलेला माणूस देतो. पूरम चौकापासून पाच-सात मिनिटं सारसबागेच्या बाजूला चालत गेलात की भाव आपोआप उतरतो. पीएमपीच्या (शहर बसच्या) रात्रीच्या खास गाड्यांना जादा पैसे पडतात आणि पास चालत नाही, पण रिक्षेपुढे ते काहीच नाही.

दहावीसच्या नोटा मिळून दोनशे रुपये खिशात हवेतच. नऊनंतर बेलबागेपासून मंडईपर्यंत मोबाईलचं नेटवर्क झोपतं, भेळवाल्यासमोर क्यूआर कोड फिरत बसतो आणि मागची रांग तुमच्या नावानं बोंबलते. नेटवर्क नाही म्हणजे चुकलेल्याला फोनही लागणार नाही. भेटायची जागा आधी ठरवा: विश्रामबागवाड्याचं दार चांगलं, लांबून ओळखू येतं. मंडईची इमारत नको, तिला अनेक बाजू आहेत आणि प्रत्येक जण वेगळ्या बाजूला उभा राहतो. परतीचं मेट्रोचं तिकीट मात्र नेटवर्क आहे म्हणून कसब्यालाच काढू नका, क्यूआर तिकिटाला मुदत असते. कार्ड असेल तर ते आणा, नसेल तर स्वारगेटच्या खिडकीवर रोख द्या.