आत्याबाईच्या मिशा

मे महिन्यातला रविवार, आमरस अंगावर आलेला, पंखा पाचावर. डोळा लागणार इतक्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "टायसननं अलीला पहिल्याच राउंडमध्ये झोपवला असता."

विषय बॉक्सिंगचा, बोलणारा माझा भाचा. वय वर्षं तेरा, सुट्टीला आलेला. त्यावर शेजारचा त्याचा मित्र म्हणाला, "उसिकसमोर टायसन दिसलाही नसता."

माझी झोप उडाली. एरवी बेल वाजो, कुकर ओरडो, मी कूस बदलत नाही. पण कुठे हे 'असता-नसता' सुरू झालं की माझे कान टवकारतात. शाळेत या प्रकाराला संकेतार्थ म्हणतात असं शिकवलं होतं. उदाहरणं मात्र मिळमिळीत. पाऊस पडला असता तर पीक आलं असतं, वगैरे. बाईंनी 'मार्सियानो अलीसमोर उभा राहिला असता तर' असं एखादं घेतलं असतं, तर व्याकरणात मला बरे मार्क पडले असते.

हा नाद मला मामानं लावला. आजोळ मिरजेला. मामा एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायचा आणि स्वतः इतका काटकुळा होता की पावसाळ्यात छत्री उघडली की दोन पावलं मागे जायचा. त्याच्या कपाटाच्या दाराला आतून मोहम्मद अलीचं कात्रण चिकटवलेलं होतं. जानेवारी 1980मध्ये अली दिल्लीला आला होता आणि आपल्या कौर सिंगबरोबर नॅशनल स्टेडियमवर प्रदर्शनी लढत खेळला होता, तेव्हाचं. मामाला दिल्लीला जायला रजाही नव्हती आणि पैसेही. तरी ती लढत तो अशी सांगायचा की जणू कौर सिंगच्या तोंडावर पाणी यानंच मारलं होतं.

मी अर्थातच टायसनवाला. 1986च्या नोव्हेंबरात टायसन चॅम्पियन झाला तेव्हा तो वीस वर्षं चार महिन्यांचा होता, आणि 1988 साली त्यानं मायकेल स्पिंक्सला 91 सेकंदांत आडवा केला तेव्हा मी चौथीत. 91 सेकंद! आमच्या शाळेची प्रार्थना त्याहून लांब होती. क्रीडा मासिकाच्या मधल्या पानावरचा टायसन मी वहीला कव्हर म्हणून घातला होता. तर 11 फेब्रुवारी 1990ला टोकियोत बस्टर डग्लसनं, ज्याच्यावर कोणी दमडी लावायला तयार नव्हतं, टायसनला पाडला. दोन-तीन दिवसांनी मिरजेहून पोस्टकार्ड आलं. खुशाली नाही, आशीर्वाद नाही. नुसतं, 'टोकियो. दहावा राउंड. – मामा.'

पुढच्या सुट्टीत ओसरीवर लढाई जुंपली. मी माझी बाजू ट्रम्प कार्डं खेळतात तशी मांडायचो. कुस्तीच्या त्या पत्त्यांवर उंची, वजन, छाती असे रकाने असत, आणि ज्याचा आकडा मोठा त्यानं समोरच्याचं पान उचलायचं, विषय संपला. बॉक्सिंगमध्येही लढतीआधी दोघांची मापं काढून शेजारी शेजारी छापतात. त्यामुळे माझी खात्री होती की जगातला कुठलाही वाद फूटपट्टीनं मिटतो.

जुना चॅम्पियन रॉकी मार्सियानो, त्याचं पान या हिशेबानं अगदी रद्दी. उंची पाच फूट दहा इंच, वजन 84-85 किलो, हात आखूड. आजच्या तराजूवर हा माणूस हेवीवेट ठरायचाच नाही, एक गट खाली जाईल. पण एका रकान्यात लिहिलेलं असतं, 49 लढती, 49 विजय. त्या रकान्यात मात्र अलीपासून टायसनपर्यंत सगळ्यांना पान टाकावं लागतं. आणि भाच्याच्या मित्राचा तो उसिक! तोही खालच्याच गटातून वर आलेला. 2024च्या मे महिन्यात रियाधमध्ये त्यानं टायसन फ्युरीला हरवलं. फ्युरी सहा फूट नऊ इंच, म्हणजे उसिकपेक्षा अर्धा फूट उंच. (फ्युरीच्या बापानं मुलाचं नाव माइक टायसनवरून ठेवलं. हे कळल्यावर मी उगाचच सुखावलो होतो.)

मामा फूटपट्टीला भीक घालायचा नाही. त्याची एकच अट असायची. "राउंड किती?"

"बारा."

"पंधरा. पंधराच्या खाली मी बोलत नाही."

यात त्याची लबाडी होती. टायसनची एकही लढत बारा राउंडांच्या पुढे गेलेली नाही. तो आला तोवर पंधराचे बारा व्हायला लागले होते. का झाले, ते मामा सांगायचा नाही. 1982मध्ये लास वेगासला किम नावाचा कोरियन मुष्टियोद्धा चौदाव्या राउंडला कोसळला आणि काही दिवसांत गेला, हे मला पुढे कधीतरी वाचून कळलं. आमच्या ओसरीवर कोणी मरत नव्हतं, त्यामुळे पंधरा.

पण त्या अटीमुळे माझी खोड अशी लागली की जुन्या लढतींचा निकाल कळला की मी आधी राउंड बघतो. आणि तेरावा राउंड हा भलता गमतीचा निघाला. 1941मध्ये चॅम्पियन जो लुई बिली कॉनशी लढत होता. बारा राउंड झाले तेव्हा तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर कॉन पुढे. तेराव्यात लुईनं त्याला झोपवला. 1952मध्ये फिलाडेल्फियाला मार्सियानो चॅम्पियन झाला, तीही कथा तीच. तोवरचा चॅम्पियन वॉलकॉट तिन्ही पंचांकडे पुढे होता आणि तेराव्यात मार्सियानोचा उजवा हात बसला. म्हणजे आजचे बारा राउंड तेव्हा असते, तर लुईचं अजिंक्यपद 1941लाच गेलं असतं आणि मार्सियानोची 49ची कोरी पाटी कोरी राहिली नसती. दोन दंतकथा एका जादा राउंडवर उभ्या आहेत. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग? मी काय वेगळं सांगतोय?"

आजी हे सगळं लसूण सोलता सोलता ऐकायची. दोन्ही बाजूंचा आवाज चढला की तिचा ठरलेला ठोसा यायचा, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." खलास. नॉकआउट. त्यावर कुणाकडे उत्तर नसायचं.

आजीला माहीत नव्हतं की अमेरिकेत एका माणसानं आत्याबाईला खरोखर मिशा लावून बघितल्या होत्या.

मरी वोरोनर त्याचं नाव, मायामीचा रेडिओ निर्माता. 1967मध्ये त्यानं सोळा जुने-नवे चॅम्पियन निवडले, त्यांच्या लढतींच्या नोंदी आणि जाणकारांनी दिलेले गुण कॉम्प्युटरात घातले आणि आलेले निकाल रेडिओवर धावत्या वर्णनासकट प्रसारित केले. लोक कान लावून बसले. अंतिम फेरीत मार्सियानोनं डेम्प्सीला पाडलं. तेराव्या राउंडला, मी काय म्हणतो! अली मात्र आधीच जिम जेफ्रीजकडून हरला. जेफ्रीज म्हणजे 1910 साली ज्याला जॅक जॉन्सन या पहिल्या काळ्या हेवीवेट चॅम्पियननं धुतलं, तो. अलीनं वोरोनरवर दहा लाख डॉलरचा दावा लावला. खोट्या लढतीत हरलो म्हणून खरी फिर्याद! मामाला हे फार आवडायचं. तो म्हणायचा, "बघ, आमचा अलीसुद्धा ओसरीवरचाच."

तडजोड अशी झाली की अली आणि मार्सियानो यांची लढत चित्रित करायची आणि निकाल कॉम्प्युटरवर सोडायचा. 1969च्या उन्हाळ्यात मायामीत एका बंद स्टुडिओत दोघं भेटले. मार्सियानो पंचेचाळीस वर्षांचा, तेरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. त्यानं वीसेक किलो वजन उतरवलं आणि डोक्यावर टोप चढवला, कारण 1952चा मार्सियानो टकला नव्हता. एकेक मिनिटाचे सत्तरएक राउंड दोघांनी खोटे खोटे खेळले, शेवटही वेगवेगळे घेऊन ठेवले. जानेवारी 1970मध्ये तो चित्रपटगृहांत लागला. अमेरिकेत तेराव्या राउंडला मार्सियानो जिंकला, युरोपात काही प्रेक्षकांना अली जिंकतो असा शेवट दाखवला गेला. ज्याला जो हवा तो. आमच्या ओसरीवर तरी दुसरं काय चालायचं? हा कॉम्प्युटर वर्णद्वेषासाठी बदनाम असलेल्या अलाबामात बनवलेला असणार, असा टोला अलीनं हाणला. काळ्या माणसाला तिथे काय मिळतं, हे ऐकणाऱ्याला सांगायची गरज नव्हती.

आणि मार्सियानो? चित्रीकरण आटपल्यावर काही आठवड्यांतच, 31 ऑगस्ट 1969ला, तो विमान अपघातात गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा सेहेचाळिसावा वाढदिवस होता. तिकीट काढून आत गेलेल्या लोकांनी पाहिलं ते असं, की गेलेला माणूस टोप घालून जित्या माणसाला पाडतोय.

या वादांत एक शब्द असतो, ज्याच्याशिवाय पान हलत नाही. 'ऐन उमेदीतला.' ऐन उमेदीतला टायसन विरुद्ध ऐन उमेदीतला अली. तो शब्द मीही हजारदा वापरला. मग एकदा तारखा मांडत बसलो. व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिला म्हणून 1967मध्ये अलीचं अजिंक्यपद काढून घेतलं, परवाना गेला. मार्च 1967नंतर तो थेट ऑक्टोबर 1970मध्ये रिंगणात उतरला. पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत काही नाही. म्हणजे ऐन उमेदीतला अली कुणी पाहिलेलाच नाही. त्या साडेतीन वर्षांत कॅमेऱ्यासमोर तो मारामारी करताना दिसतो ती त्या टोपवाल्या माणसाबरोबर, लुटुपुटीची, पोट किंचित सुटलेला. आम्ही मिरजेत ज्याच्यासाठी घसा फोडत होतो तो माणूस झालाच नव्हता. आत्याबाईच काल्पनिक होती, मिशांचं काय घेऊन बसलात.

बरं, पिढ्यांच्या खऱ्या लढती झाल्याच नाहीत असंही नाही. 1951मध्ये सदतीस वर्षांचा लुई थकलेल्या करापायी पुन्हा रिंगणात होता, मार्सियानोनं त्याला आठव्या राउंडला दोरांतून बाहेर पाडलं आणि नंतर त्याच्यापाशी जाऊन रडला. 1980मध्ये लॅरी होम्सनं अडतिसाव्या वर्षीच्या अलीला इतकं मारलं की नंतर होम्सही रडला. 1988मध्ये त्याच होम्सला माझ्या टायसननं चार राउंडांत संपवलं. हे निकाल आम्ही दोघांनीही एकमतानं बाद ठरवले होते. म्हातारे धरायचे नाहीत. मामा आणि मी फक्त या एका कलमावर कधी भांडलो नाही.

मामा गेल्या श्रावणात गेला. शेवटच्या भेटीत वाद निघाला नाही. डॉक्टर, गोळ्या, पाऊस असलं काहीबाही बोललो.

बाहेर अजून चाललं होतं. भाचा टायसनचा, मित्र उसिकचा. मी उठून दारात उभा राहिलो. भाचा लगेच म्हणाला, "मामा, सांग ना याला! अली आणि टायसन, कोण?"

तोंड उघडलं ते टायसन म्हणायलाच. पण तिथे टायसनला माणूस होता, उसिकला होता. अलीकडून कोणी नव्हतं.

"अली."

"काय? तू तर टायसनवाला ना?"

"राउंड किती धरलेत?"

"बारा."

"पंधरा," मी म्हटलं, आणि चटईवर बसलो.