नेत्याच्या विरोधात मत द्याल का?

गुरुवार, रात्री उशिरा

संध्याकाळी प्रश्नोत्तरं उघडली आणि पहिलाच प्रश्न आला: "नेत्याशी मतभेद झाले तर तुम्ही कुणाच्या बाजूला?" उपनेतेपदाला उभं राहिलेल्याला जगात दुसरं काही विचारतच नाहीत बहुधा. कुणी आडून विचारतो, कुणी तोंडावर, एवढाच फरक.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटिश संसदेची हुबेहूब नक्कल करणारे ऑनलाइन खेळ आहेत. त्यातला सगळ्यात गाजलेला 2014 मध्ये रेडिटवर सुरू झाला. आमचं सिम (सिम्युलेशन, म्हणजे असा खेळ) त्याच जातकुळीचं, पण आकाराने लहान. इथे विधेयक मांडायचं, दुसरं वाचन, दुरुस्त्या, तिसरं वाचन, मग मतविभागणी. कुणी सभापती होतं, कुणी अर्थमंत्री होऊन खरोखर आकडेमोड करून अर्थसंकल्प बनवतं. पैसा नाही, सत्ता नाही, खरी नावंसुद्धा नाहीत. मी मूळची सांगलीची आणि लीड्समध्ये नोकरी करते हे खेळातल्या माझ्या पक्षात एकाही माणसाला माहीत नाही, आणि कुणी विचारलेलंही नाही. गेल्या आठवड्यात आमच्या उपनेत्याने परीक्षांचं कारण देऊन पद सोडलं. मी अर्ज भरला. रिंगणात आम्ही तिघं.

मी उत्तर लिहिलं ते असं: पक्षाच्या बैठकीत मी शेवटपर्यंत भांडेन. तिथे हरले तर सभागृहात पक्षाबरोबर मत देईन. ज्या विधेयकावर ते जमणारच नाही, त्याच्या आधी पद सोडेन. पदावर राहून मतदानाच्या वेळी गायब होणार नाही.

शेवटचं वाक्य मुद्दाम टाकलं. आमच्याकडे मतविभागणी तीन दिवस उघडी असते. नको असलेल्या विधेयकाच्या वेळी 'अरे, विसरलोच' म्हणणारे सगळ्या पक्षांत सापडतात. आणि गैरहजर राहणं हेही एक मतच असतं, हे मजूर पक्षाच्या लोकांना वेगळं सांगायला नको. 1981 मध्ये ब्रायटनच्या अधिवेशनात उपनेतेपदासाठी डेनिस हीली विरुद्ध टोनी बेन अशी लढत झाली. कामगार संघटनांना 40 टक्के वजन, खासदारांना 30, मतदारसंघांतल्या शाखांना 30. हीली 50.4 विरुद्ध 49.6 ने निवडून आले. नील किनक आणि त्यांच्यासारखे काही डावे खासदार पहिल्या फेरीत बेनना न देता तिसऱ्या उमेदवाराला, जॉन सिल्किनना, मत देऊन आले होते. दुसऱ्या फेरीत त्यांनी कुणालाच मत दिलं नाही. पक्षाची दिशा त्या कोऱ्या मतांनी ठरवली असं म्हणणारे आजही भेटतात, आणि मला ते पटतं.

हीली आमच्या लीड्सचेच, पूर्व लीड्सचे खासदार. 1992 पर्यंत. आणि हिलरी बेन, म्हणजे टोनी बेन यांचे चिरंजीव, आज दक्षिण लीड्सचे. दोन्ही घराणी माझ्या बसच्या टप्प्यात आली म्हणायची.

व्हिपचं मात्र इथे ब्रिटनमध्ये मला नव्याने शिकावं लागलं. आपल्याकडे पक्षप्रतोदाने व्हिप काढला आणि तो मोडला की थेट आमदारकी-खासदारकीवर गदा येऊ शकते. 1985 पासून दहावी अनुसूची आहेच. 2022 नंतर तर महाराष्ट्रातल्या चहाच्या टपरीवरही 'खरा प्रतोद कोण' यावर वाद झडले. इथे कायद्याचा काही संबंध नाही. दर आठवड्याच्या कागदावर महत्त्वाच्या मतदानाखाली तीन रेघा ओढलेल्या असतात, त्या मोडल्या तर पक्ष तुम्हाला गटातून बाहेर काढतो. जुलै 2024 मध्ये मजूर पक्षाच्या सात खासदारांना, दोनच मुलांपुरत्या मदतीची मर्यादा उठवा म्हणून सरकारविरुद्ध मत दिल्याबद्दल, असंच बाहेर बसवलं होतं. खासदारकी मात्र शाबूत. म्हणजे बंड करायला इथे वाव जास्त, आणि म्हणूनच 'तुम्ही काय कराल' या प्रश्नाला खरा अर्थ आहे.

वेल्सचा एक मुलगा आहे प्रतिस्पर्धी. विद्यार्थी असावा, कारण रात्री तीनला उत्तरं टाकतो. त्याचं उत्तर मी दोनदा वाचलं. त्याने लिहिलंय की अण्वस्त्रांच्या पाणबुड्यांवर आणि वेल्सच्या सेनेडच्या (तिथल्या विधिमंडळाच्या) अधिकारांवर मी नेत्याचं ऐकणार नाही, बाकी सगळीकडे ऐकेन, आता मत द्यायचं की नाही तुम्ही ठरवा. झोपायला हवंय, पण हे डोक्यातून जात नाहीये.

शुक्रवार

आईचा फोन. निवडणुकीला उभी आहे म्हटल्यावर आधी घाबरलीच. "अगं बाई, तिकडच्या? पैसे भरायचे असतात का?" खेळ आहे म्हटल्यावर, "मग रात्रीचं जागरण कशाला?" याला उत्तर नव्हतं.

बाबांनी फोन घेतला. त्यांना 'उप' ऐकूनच स्फुरण चढलं. "उपमुख्यमंत्री हे पद महाराष्ट्रात आलं कधी, सांग." 1978. वसंतदादांच्या मंत्रिमंडळात नाशिकराव तिरपुडे. सांगलीच्या घरात वाढलेल्याला हे पाठ असावंच लागतं. दोन काँग्रेसचं ते सरकार मार्चमध्ये आलं आणि जुलैत पडलं. "घटनेत ते पद नाहीच," बाबा म्हणाले, "शपथ मंत्री म्हणूनच. बाकी सगळा मान. आमचा दत्ताकाका उपसरपंच होता तेव्हा वर्षभर सरपंच आजारी पडायची वाट बघायचा. एकदाच पंधरा ऑगस्टला झेंडा मिळाला, त्याचा फोटो अजून लावलाय बाहेरच्या खोलीत."

"मी वाट नाही बघणार, बाबा."

"सगळे असंच म्हणतात. बरं, मतं कशी मोजणार? साधी की पसंतीक्रमाची?"

पसंतीक्रमाची म्हटल्यावर गडी खूश. पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत मतमोजणी प्रतिनिधी म्हणून एकदा रात्रभर बसले होते, त्याची गोष्ट पुन्हा ऐकली. त्यातलं एक वाक्य मात्र कामाचं: "पहिल्या पसंतीची मतं आपल्या माणसांकडून मिळतात, ती मागावी लागत नाहीत. दुसऱ्या पसंतीची शत्रूच्या माणसांकडे जाऊन मागायची असतात."

रात्री जुने निकाल काढून बसले. 2007 मध्ये मजूर पक्षाच्या उपनेतेपदाला सहा जण होते. पहिल्या फेरीत पुढे होते जॉन क्रडस. शेवटच्या फेरीत ते नव्हतेच. हॅरिएट हरमन दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या जोरावर ॲलन जॉन्सनच्या जरा पुढे सरकल्या, पुन्हा तेच 50.4. आणि जिंकूनही गॉर्डन ब्राउननी त्यांना उपपंतप्रधान केलं नाही. इथे पक्षाचा उपनेता आणि सरकारातला उपपंतप्रधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरमनच्या आधीचे उपनेते जॉन प्रेस्कॉट, त्यांच्याकडे दहा वर्षं दोन्ही होत्या. लूसी पॉवेल ऑक्टोबर 2025 मध्ये उपनेत्या झाल्या त्या मंत्रिमंडळातून काढून टाकल्यानंतर. हुजूर पक्षाने असं सदस्यांनी निवडून द्यायचं उपनेतेपद ठेवलेलंच नाही. हुशार आहेत.

शनिवार

दिवसभर बाहेर होते, संध्याकाळी उघडलं तर प्रश्नांचा ढीग. बरेचसे नेहमीचे. आठवड्यात किती वेळ द्याल. डिस्कॉर्डवर (आमच्या गप्पांच्या ॲपवर) शिव्या देणाऱ्यांचं काय करणार. नेता आजारी पडला तर बुधवारी पंतप्रधानांना प्रश्न विचारायला उभ्या राहाल का. हो, राहीन. त्यात काय विचारायचं.

"हे पद तुम्हाला नेतेपदाची पायरी म्हणून हवंय ना?" या प्रश्नाला लाइक सगळ्यात जास्त पडलेले. तिसऱ्या उमेदवाराने "माझी निष्ठा पदाशी नसून पक्षाशी आहे" असं ठोकून दिलं. मी इतिहास सांगितला. मजूर पक्षाचे 1960 पासूनचे उपनेते मोजा: जॉर्ज ब्राउन, जेन्किन्स, हीली, हॅटर्सली, प्रेस्कॉट. एकही नेता झाला नाही. मार्गारेट बेकेट 1994 मध्ये जॉन स्मिथ अचानक वारले तेव्हा हंगामी नेत्या झाल्या. नंतर नेतेपदाला उभ्या राहिल्या आणि उपनेतेपदही घालवून बसल्या. मायकेल फुट झाले नेते, पण 1983 च्या निवडणुकीत पक्ष किती सपाटून हरला ते बघा. नेता व्हायचं असेल तर माणसाने या खुर्चीपासून लांब राहावं. खाली कुणीतरी लिहिलं, "हे 'नाही' असं उत्तर आहे का?" मी लिहिलं, "आज नाही. दोन वर्षांनी विचारा." हे खरं होतं म्हणून लिहिलं, आणि त्यावर चार जणांनी हसणारे चेहरे टाकले. निष्ठेच्या भाषणापेक्षा ते बरं पडलं असावं.

मग बसचा प्रश्न आला आणि तिथे मी तासभर रमले.

माझं विधेयक आहे: लंडनबाहेरच्या प्रत्येक महानगर क्षेत्राला बससेवा स्वतःच्या ताब्यात घेणं सक्तीचं करायचं, म्हणजे मार्ग, भाडं, वेळापत्रक महापौराने ठरवायचं आणि कंपन्यांनी कंत्राटावर गाड्या चालवायच्या. कुणीतरी विचारलं, "खऱ्या संसदेत जे चाललंय त्याचीच ही नक्कल नाही का? तुमचं स्वतःचं त्यात काय?"

प्रश्न बोचरा होता, पण रास्त. 1985 च्या कायद्याने ग्रेट ब्रिटनमध्ये लंडन सोडून सगळीकडे बस खुल्या बाजारावर सोडली. नंतर कधीतरी परत घ्यायची मुभा आली, आणि मँचेस्टरने ती वापरून सप्टेंबर 2023 ते जानेवारी 2025 या काळात टप्प्याटप्प्याने सगळ्या गाड्या ताब्यात घेऊन पिवळ्या केल्या. वेस्ट यॉर्कशायरचा, म्हणजे आमच्या लीड्सच्या भागाचा, निर्णय 2024 चा, पहिल्या गाड्या 2027 मध्ये धावायच्या आहेत. लीड्सला ट्राम नाही. 2005 मध्ये एकदा नाकारली, मग ट्रॉलीबस काढली तीही 2016 मध्ये नाकारली. मी रोज सकाळी थांब्यावर उभी असते तिथे काचेच्या चौकटीत वेळापत्रक आहे. त्यावर 7.42 लिहिलंय. डिजिटल पाटीवर आधी '7 मिनिटं', मग '4', मग '2' येतं, आणि मग तो आकडा गाडी न येताच पाटीवरून नाहीसा होतो आणि खालची ओळ वर सरकते. शेजारच्या आजी तेवढ्यापुरत्या छत्री बंद करून तयार राहतात, आणि पुन्हा उघडतात. कुणाकडे तक्रार करायची, तर कंपनी म्हणते रस्त्यावर गर्दी, आणि नगरपालिका म्हणते गाडी आमची नाही.

म्हणून माझ्या विधेयकात एक कलम आहे जे मी कुठून उचललेलं नाही: पाटीवर दाखवलेली आणि न आलेली प्रत्येक फेरी 'रद्द' म्हणून मोजायची, आणि तो आकडा दर महिन्याला थांब्यावरच लावायचा, संकेतस्थळाच्या कोपऱ्यात नाही. आजींना वाचता येईल अशा अक्षरात. हेच उत्तर म्हणून टाकलं. विचारणारा विरोधी पक्षातून फुटून आमच्याकडे आलेला, जरा खवट माणूस. त्याने लिहिलं, "कलम 6 मध्ये अक्षराचा आकारही घाला, नाहीतर कंपन्या मुंग्या छापतील." घातला. या सबंध प्रचारात माझ्या पदरात पडलेली सगळ्यात चांगली गोष्ट हीच, आणि तिचा उपनेतेपदाशी काडीचा संबंध नाही.

किंवा असेलही. नेता बुधवारी भाषण करतो. मंगळवारी रात्री झोपाळू सदस्यांना एकेक करून निरोप पाठवणं, कुणाचं पोर आजारी आहे ते लक्षात ठेवणं, खवट माणसाला कलम 6 वाचायला देणं, हे उपनेत्याच्या वाट्याचं. ते मी पद नसतानाही करतेय. हे उत्तरात लिहिलं नाही. फुशारकी वाटली असती.

रविवार, मतदान

सकाळी मतपत्रिका आली. जुलै 2024 मध्ये खऱ्या निवडणुकीत शाळेच्या जिम्नॅशियममध्ये जाऊन दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली होती. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून आपल्याला इथे राहत असताना संसदेसाठी मत देता येतं, आणि ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. बोटाला शाई नाही, फोटो काढायला काही नाही. आज तर नुसतं तीन चौकोनांत आकडे टाकायचे.

पहिल्या चौकोनात मीच. उगाच थोरपणा कशाला.

दुसरी पसंती वेल्सच्या मुलाला दिली. गुरुवारपासून त्याचं ते उत्तर डोक्यात आहे. मी म्हटलं होतं, जमणार नाही तेव्हा पद सोडेन. ऐकायला बाणेदार, पण मत देणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. मी कधी, कशावर सोडेन हे माझ्यापाशीच राहतं. त्याने ते आधीच टेबलावर ठेवलं. पाणबुड्यांबद्दल माझं त्याच्याशी जमत नाही, पण कशासाठी भांडावं लागणार हे तरी माहीत असलेलं बरं. त्याला तसं कळवलंसुद्धा. त्याचं उत्तर: "धन्यवाद. मी तुम्हाला तिसरी दिलीय, बसमुळे. आमच्या खेड्यात बसच नाही." कार्ट्याला बाबांकडे शिकवणीला पाठवायला हवं. दुसरी पसंती मागायला आलेल्याला असं सांगतात का!

निष्ठावाल्याचा चौकोन कोरा ठेवलाय. मतदान मंगळवारी रात्री दहाला बंद होतंय, आणि बसच्या विधेयकाची मतविभागणीही त्याच रात्री संपते. आमच्यातल्या अकरा जणांनी अजून मत दिलेलं नाही. जेवण झालं की निरोप पाठवायला घेते.