लांडग्याचं काय जातंय?

पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं. लांडग्याला ते कुठलं पुरायला? त्यामुळे आमचं बरंचसं काम बाहेर, गायरानात आणि मेंढपाळांच्या वाड्यांवर चालतं. वन्यजीव संवर्धनात यायचंय म्हणून जी मुलं विचारायला येतात, त्यांच्या डोळ्यांपुढे ताडोबाचा वाघ असतो. माझ्या वाट्याला त्या सकाळी चार मेलेल्या मेंढ्या आल्या.

वनरक्षकाचा फोन आला होता. रात्री वाघरीत, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीत, काहीतरी घुसलं, लोक लांडगा म्हणतायत, पंचनाम्याआधी तुम्ही बघून जा.

मेंढी उलटी करून आधी गळा चाचपला. लांडगा बहुतेक वेळा गळ्याला धरतो. इथे गळा धड होता. मांड्या आणि शेपटीचं बूड फाटलेलं, लोकर सगळीकडे उडालेली, मांसाला मात्र फारसं तोंड लावलेलं नाही. दाताची खरी खूण लोकरीवरून कळत नाही, कातडं सोलून आतून बघावं लागतं. जनावरांच्या डॉक्टरांनी सोलून दाखवलं. साकळलेल्या रक्ताचे काळे डाग, एकावर एक, नेम नसलेले चावे. भटक्या कुत्र्यांचं काम असंच असतं. तरी नुसत्या एवढ्यावरून छाती ठोकून सांगता येत नाही. कोंडलेल्या कळपात लांडगाही कधीकधी सपाटा लावतो, आणि मातीत त्याचा पंजा मोठ्या कुत्र्यासारखाच उमटतो.

मी "कुत्री वाटतायत" म्हटलं आणि मेंढ्यांच्या मालकाचा, मामांचा, चेहराच उतरला. वनखात्याची भरपाई वन्यप्राण्यानं मारलं तरच मिळते. कुत्र्यांनी मारलं तर दमडी नाही.

"ताई, तेवढं लांडगं ल्ह्या की," मामा म्हणाले. "लांडग्याचं काय जातंय?"

बरंच जातं. कागदावर त्याच्या नावावर मेंढ्या चढत जातात, गावात राग साठतो, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी मढ्यात विष घालून ठेवतं. मग लांडगा मरतो, तरस मरतं, कोल्हाही मरतो. हे सगळं मला बोलता आलं असतं. पण समोर चार मेंढ्या गेलेला माणूस उभा होता, आणि त्याला देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. कॉलेजात नमुने कसे गोळा करायचे ते शिकवतात. असल्या वेळी काय बोलायचं, ते कुणी शिकवत नाही.

तेवढ्यात मामी चुलीपासून उठून आल्या. रात्री ती जनावरं पळताना त्यांनी पाहिली होती: तीन कुत्री, आणि मागं एक पिवळसर, लांब पायांचं. "कुत्रं बी न्हाई आन् लांडगं बी न्हाई."

हे ऐकून माझे कान टवकारले. 2023 साली पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्र्याचा संकर जनुकीय चाचणीत सिद्ध झालाय. माळ कमी झाला, कचऱ्यावर कुत्री वाढली की हे होणारच. लांडगे आधीच थोडे. त्यांचं रक्त असं पातळ होत गेलं तर शिकारीशिवायच ते संपतील. ऊन चढायच्या आत जखमांच्या कडेची लाळ कापसावर टिपून घेतली, वाघरीच्या गाठीत अडकलेले चार केस पाकिटात घातले.

मामा शांतपणे बघत होते. हे काय करताय, म्हणाले. यातून ते नक्की कोण होतं ते कळेल, मी सांगितलं, कदाचित अर्धा लांडगाही निघेल.

"मंग अर्धं पैसं मिळतील का?"

वनरक्षकानं हातातला फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "तसा रकाना नाही, मामा."