कोरी टकीला

टकीलाबरोबर मीठ आणि लिंबाची फोड देण्याच्या पद्धतीचा एक फायदा निर्विवाद आहे: टकीला कशी होती हे कुणालाच कळत नाही. आधी मिठाने जीभ खारवायची, मग पेला एका दमात घशाखाली, आणि काही उमगायच्या आत लिंबाने तोंड आंबट. वाईट टकीलाला याहून भक्कम संरक्षण मिळायचं नाही. चांगल्या टकीलावर मात्र हा अन्याय आहे. आणि चांगली टकीला स्वस्तातही मिळते.

पारखायला घ्यावी ती ब्लांको, म्हणजे कोरी. गाळल्यावर पाणी घालून लगेच, फार तर दोन महिन्यांच्या आत, बाटलीत भरलेली. मुरवलेल्या टकीलांपैकी रेपोसादो किमान दोन महिने आणि आन्येहो किमान एक वर्ष ओकच्या लाकडाच्या सहवासात राहते. तिथून येणारा व्हॅनिला-कॅरॅमलचा गंध बऱ्याच चुकांवर पांघरूण घालतो. कोरीला ही सोय नाही. म्हणून एखाद्या कारखान्याची परीक्षा घ्यायची तर त्याच्या महागड्या मुरवलेल्या बाटलीपेक्षा साध्या कोऱ्या बाटलीवर घ्यावी.

ही परीक्षा झाकण उघडण्याआधीच सुरू होते. टकीला ज्या झाडापासून होते ते अगावे; लेबलवर ‘१०० टक्के अगावे’ असं लिहिलेलं आहे का, ते आधी पाहावं. नसेल, तर साखरेतला निदान ५१ टक्के भाग निळ्या अगावेचा असला की नियमाला पुरतं; उरलेली साखर उसाची किंवा मक्याची असू शकते. सोनेरी रंगाला भुलू नये, स्वस्त बाटलीतलं सोनं बहुधा कॅरॅमलचं असतं. मग नॉमचा, म्हणजे मेक्सिकोच्या अधिकृत मानकाचा, चार आकडी क्रमांक शोधावा. तो ब्रँडचा नसतो, ज्या कारखान्यात माल तयार झाला त्याचा असतो. १११९ हा क्रमांक एर्रादुरा या नामांकित बाटलीवर असतो आणि तिच्याहून स्वस्त एल हिमादोरवरही. एक क्रमांक म्हणजे एकच कृती असं नव्हे, पण कुठल्या घरातून माल आला एवढं तरी कळतं.

स्वस्ताई कुठून आली, हा खरा प्रश्न. निळी अगावे आपल्या बांधावरच्या घायपाताच्या कुळातली. पिकायला तिला सहा-सात वर्षं लागतात. पानं छाटून उरणारा गड्डा, म्हणजे पिन्या, तीस-चाळीस किलोंचा सहज भरतो, आणि लिटरभर टकीलाला सहा-सात किलो गड्डा लागतो. लावणी आणि काढणी यांत इतकी वर्षं जात असल्याने भाव कायम हेलकावे खातो. काही वर्षांपूर्वी किलोला ३० मेक्सिकन पेसोच्या आसपास पोचलेला भाव २०२४पर्यंत एक आकडी झाला होता. भाव चढला की तीन-चार वर्षांची कोवळी झाडंही तोडली जातात, त्यांत साखर कमी आणि रसाला कच्चेपणा. भाव पडला की पिकलेला माल स्वस्तात मिळतो. म्हणजे एकाच ब्रँडची बाटली पाच वर्षांच्या अंतराने वेगळी लागली, तर दोष दर वेळी जिभेचा नसतो.

दुसरी बचत शिजवण्यात होते. विटांच्या भट्टीत गड्डे दीड ते तीन दिवस वाफेवर शिजतात. त्यांत साठलेल्या इन्युलिन या कर्बोदकाची फळसाखर होते आणि भाजलेल्या रताळ्याचा, काकवीचा वास तयार होतो. दाबाच्या वाफेवर चालणारं पोलादी ऑटोक्लेव्ह हेच काम आठ-बारा तासांत उरकतं. घाई केली नाही तर त्यातूनही उत्तम टकीला निघते. स्वस्त आणि तरीही चांगल्या बाटल्यांपैकी बऱ्याच याच वाटेने येतात. डिफ्यूझर हा तिसरा मार्ग. यात कच्चा गड्डा चिरून गरम पाण्याच्या फवाऱ्याने साखर धुऊन काढतात आणि रस नंतर, बरेचदा आम्लाच्या मदतीने, तापवतात. उतारा भरपूर मिळतो, पण गड्डा भाजलाच गेला नाही तर रताळ्याचा वास येणार कुठून? अशी टकीला स्वच्छ असते, अनेकदा निर्दोषही असते, फक्त तिला सांगायचं काही नसतं.

आता पेला. जाड बुडाचा शॉटचा पेला यासाठी निरुपयोगी. तोंडाशी निमुळता होणारा वाइनचा लहान ग्लास किंवा शॅम्पेनचा उभा ग्लास घ्यावा. त्यात ३० मिली टकीला, खोलीच्या तापमानाला. फ्रिजमध्ये ठेवलेली टकीला चाखणं म्हणजे आरोपीला तोंड बांधून कोर्टात उभं करणं. ओतल्यावर पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्यावी. वाइनसारखी गरागरा फिरवू नये, नुसतं अल्कोहोल नाकात चढतं. ग्लास तिरका धरून, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगावं. आधी कडेच्या खालच्या बाजूला, मग वरच्या. दोन्हीकडे वास वेगळा येतो. पहिला घोट अगदी चमचाभर, केवळ तोंड सरावण्यासाठी. त्यावरून मत बनवू नये. दुसरा घोट जिभेवर चार-पाच सेकंद घोळवून गिळावा आणि श्वास नाकाने सोडावा. खरी चव त्या श्वासात असते. मग थेंब-दोन थेंब पाणी घालून पुन्हा हुंगावं. एका बैठकीत चार पेल्यांपुढे जाऊ नये, तिथून पुढे सगळ्याच टकीला छान लागतात. (महाराष्ट्रात पंचवीस वर्षं पूर्ण नसतील तर कायद्याने हुंगण्यापाशीच थांबायचं.)

एकट्या पेल्यावरून निकाल देणं अवघड. शेजारी तुलनेला काहीतरी हवं. दोन ब्लांको आणि तिसऱ्या ग्लासात साधी व्होडका घ्यावी, ग्लासांना आकडे चिकटवून घरातल्या दुसऱ्या कुणाकडून ओतून घ्यावं. ज्या टकीलाची व्होडकाशी गफलत होते, तिच्यात अगावे नावापुरतीच आहे असं समजावं.

भाजलेल्या गड्ड्याचा वास, मिरी, लिंबाची साल, ओली माती, हिरवी पाती यांतलं काही सापडलं तर उत्तम. मेक्सिकोतल्या लोस आल्तोस या उंच प्रदेशाच्या तांबड्या मातीतला, सुमारे २००० मीटर उंचीवरचा माल साधारणपणे फळांकडे आणि फुलांकडे झुकतो. तेकीला गावाजवळच्या सखल खोऱ्यातला मिरीकडे आणि मातीकडे. पण भट्टीवाला हा फरक सहज पुसू शकतो, त्यामुळे मातीवरून पैजा लावू नयेत.

दोषांची कारणं बहुतेक वेळा गाळण्यात सापडतात. नेलपॉलिशचा झणका आला तर धारेचा पहिला भाग पुरेसा वेगळा काढलेला नाही. ग्लास दहा मिनिटं ठेवून तो उडाला तर माफ करावं, टिकला तर नाही. ओला पुठ्ठा किंवा आंबलेलं चीज आठवलं तर शेवटची धार जास्त घेतली आहे. हिरवट, औषधी वास एकटाच असेल तर कच्च्या गड्ड्याचा संशय घ्यावा. आणि कोऱ्या टकीलात केकचं व्हॅनिला दरवळलं, तर ते आलं कुठून, हे विचारायलाच हवं. साखर गाळण्यातून वर चढत नाही. म्हणून जीभ चिकट गोड झाली तर काही थेंब तळहातावर वाळू द्यावेत. वाळल्यावर चिकटपणा राहिला तर वरून काही घातलेलं असण्याची शक्यता मोठी. हा पक्का पुरावा नव्हे, पण प्रयोगाला खर्च काही नाही.

‘स्मूद आहे’ हा टकीलावरचा सर्वांत लोकप्रिय अभिप्राय, आणि सर्वांत निकामी. घसा जळत नाही एवढंच त्यातून कळतं. ते तर ग्लिसरिननेही साधतं. चाळीस टक्के अल्कोहोलची कोरी टकीला थोडी चावणारच. चावा मिरीचा आहे की स्पिरिटचा, एवढं पाहावं. मिरीचा असेल तर तो जिभेवर पसरून विरतो, स्पिरिटचा घशात एकाच जागी टोचत राहतो.

नुसती पिताना मध्यम वाटलेली बाटली लगेच बाद करू नये. तिचं पालोमा हे कॉकटेल करून पाहावं: ५० मिली टकीला, १५ मिली लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, बर्फ आणि वर १०० मिली ग्रेपफ्रूट सोडा. मीठ-लिंबू इथे शोभतं, कारण लपवाछपवी नसते. रताळं-मिरीचा गंध या सगळ्यातूनही वर येतो की नाही, एवढंच तपासायचं. मिरीकडे झुकणारी टकीला इथे अनेकदा फुलांच्या वासाच्या महागड्या टकीलापेक्षा सरस ठरते.

टेक्सासमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांना १०० टक्के अगावेची बरी ब्लांको वीस-पंचवीस डॉलरमध्ये मिळते. आपल्याकडे सीमाशुल्क आणि राज्याचा कर भरून तीच बाटली चैनीत जमा होते. पर्याय म्हणून दख्खनच्या पठारावर वाढणाऱ्या अगावेपासून आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात गाळलेली डेसमंडजी आहे, २०११मध्ये प्रथम गोव्यात विकायला आलेली. टकीला हे नाव मेक्सिकोतल्या हालिस्को आणि आणखी चार राज्यांतल्या ठरावीक भागांसाठी राखीव असल्याने ती ‘अगावे स्पिरिट’ म्हणून विकली जाते. झाडाची जातही वेगळी आहे, त्यामुळे तिच्यात हालिस्को शोधत बसू नये. आकडे लावलेल्या ग्लासांत मात्र ती जरूर असावी, व्होडकाच्या शेजारी.