अण्णांची टोपी

आमच्या घरी ओटीवर तीन फोटो आहेत. वडिलांचा, अण्णाकाकांचा आणि आबाकाकांचा. प्रत्येक फोटोत सात-आठ वर्षांचा एक मुलगा, अंगात गळाबंद कोट, खाली ढगळ अर्धी चड्डी आणि डोक्यावर काळी टोपी. पाय मात्र अनवाणी. लग्नाकार्याचा पोशाख कोकणात तेव्हा वरून सुरू व्हायचा आणि घोट्यापर्यंत येता येता पैसे संपायचे.

फोटो वेगवेगळ्या वर्षांचे, पण टोपी एकच. एकात ती भुवयांवर उतरलेली, दुसऱ्यात बरोबर बसलेली, तिसऱ्यात शेंडीवर कशीबशी तरंगणारी. त्यामुळे कोण कुठला यावर आजही वाद होतो. आबाकाका नव्वदीला आलेत, तरी भिंतीकडे बोट करून म्हणतात, "ह्यो मी न्हय, अण्णा. माझे कान असे खंय होते!" आणि खरं सांगायचं तर टोपीखालून फक्त कानच नीट दिसतात.

टोपी घेतानाच वाढत्या डोक्याची घ्यायची. आत वर्तमानपत्राची घडी, डोकं वाढेल तशी एकेक घडी कमी. आतली चामड्याची पट्टी तीन भावांच्या खोबरेलाने इतकी मुरली होती की मुंग्या लागायच्या, असं आजी सांगायची. टोपीवर मालकी मात्र तिघांपैकी एकाचीही नव्हती. वाडीत कुणाचं लग्न निघालं की तिला शेजारून बोलावणं यायचं. मंडपात मुलीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, त्या मानकऱ्याच्या डोक्यावरही ती दोनदा जाऊन आली. कान पिळण्याचा आहेर म्हणून नवी टोपी मिळाली, तेव्हा कुठे आमची परत आली.

बोडक्या डोक्याने कार्याला जाणं म्हणजे अशुभ, उघडं डोकं सुतकातलं. म्हणून दारातून बाहेर पडताना आजी ओरडायची, "टोपी घाल रे, बोडको जाव नको!" चपला आहेत की नाहीत, हे तिने कधी विचारल्याचं कुणालाच आठवत नाही.

या टोपीचा खरा वैरी पाऊस. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि टोपीच्या पोटात पुठ्ठा! एकदा भिजली की भाकरीसारखी फुगायची, वाळली की वेडीवाकडी. आषाढात ट्रंकेत ठेवली तर बुरशीने पांढरी व्हायची. वाटेत सर आली की मुलं टोपी सदऱ्यात कोंबून बोडक्या डोक्याने पळत. म्हणजे जे झाकण्यासाठी टोपी, तेच टोपी वाचवायला भिजायचं.

पांढरी खादीची टोपी त्या मानाने सोपी. भाताच्या पेजेची खळ द्यायची, आणि तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडाने कडक घडी बसवायची. सकाळची पेज अर्धी पोटात, अर्धी डोक्यावर. गांधीजींनी ही टोपी रूढ केली आणि 1921च्या सप्टेंबरात मदुराईला पंचा नेसला तेव्हा स्वतः उतरवूनही टाकली. आमच्याकडचे मास्तर मात्र पुढची पन्नास वर्षं ती घालूनच पाढे घेत होते. पालगडच्या साने गुरुजींचं चित्र काढायला सांगा, मुलं आधी टोपी काढतील, मग चेहरा.

गंमत अशी की याच किनाऱ्यावर टोपी हा शब्द परक्यांना चिकटला होता. फिरंगी, इंग्रज, वलंदेज हे सगळे 'टोपीकर'. शिवाजी महाराजांनी 1661 साली राजापूरची वखार लुटली ती या टोपीकरांचीच. पुढे टोपी घरोघरी शिरली, पण भाषेने जुना संशय सोडला नसावा. नाहीतर फसवण्याला 'टोपी घालणं' का म्हणतात? (हा माझा तर्क. भाषातज्ज्ञांनी कान पिळू नयेत.)

गेल्या मे महिन्यात मुलाच्या मुंजीसाठी कणकवलीहून भाड्याचा फेटा आणला, पायांत मोजड्या. माळ्यावर चौरंग शोधताना ट्रंकेत ती काळी टोपी सापडली. मी आबाकाकांच्या हातात दिली. त्यांनी आधी वास घेतला, मग डोक्यावर ठेवली. आत अजून एक घडी शिल्लक होती, पण आता ती खाली बसेना.

"तूच घाल," त्यांनी नातवाला सांगितलं. तो फेटा न काढता खाली वाकला. काकांनी टोपी थेट फेट्यावरच ठेवली आणि म्हणाले, "फोटो काढ."

काढला. कान नीट आलेत.